आखाजीच्या घागरीखालची चार ढेकळं

पत्र: माझं माहेर धुळे जिल्ह्यातलं. आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, संध्याकाळी आजोबा ओट्यावर चार ढेकळं मांडायचे. जेठ, आखाड, सावन, भादवा अशी त्यांची नावं. त्यांच्यावर पाण्याने भरलेली घागर ठेवायची, सकाळी उचलायची आणि कुठलं ढेकूळ किती भिजलं त्यावरून त्या त्या महिन्याचा पाऊस सांगायचा. आम्ही नातवंडं तिथेच अंथरुणं टाकून झोपायचो. घागरीला हात लावला तर पाठीत धपाटा. आजोबांचं भाकीत कधी चुकल्याचं मला आठवत नाही. पण एक गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही. आठ-नऊ वर्षांची असताना एका रात्री जाग आली, तेव्हा आजी तांब्याने घागरीत पाणी ओतत होती. सकाळी भादवा ओलाचिंब निघाला. मग ते सगळं नाटकच होतं का?

यंदा (२०२५) पुण्यात फ्लॅटमध्ये घागर मांडली. ढेकळं सोसायटीच्या बागेतून आणली. सकाळी चारही ढेकळांचा चिखल, घागर कलंडलेली, हॉलभर पाणी. चौदा वर्षांची लेक म्हणते, ही अंधश्रद्धा आहे, बंद कर. गावी शेती करणारा भाऊ फोनवर विचारतो, ‘जेठ कसा निघाला? कापूस आधी लावू की थांबू?’ वडिलांना मांडणी नीट आठवत नाही. पुढच्या वर्षी मांडू की नको? मांडायची तर कशी?

उत्तर:

ताई,

भावाचा प्रश्न आधी घेऊ. बाकीचं वर्षभर थांबेल, कापूस थांबणार नाही. चिखल झाला, काही कळलं नाही, असं त्याला सांगून टाका. ते खरंही आहे. कोरडवाहू कापसाची सरकी लावायची तर साधारण ७५ ते १०० मिमी पाऊस होऊन ओल खोल गेलेली हवी. जवळ पर्जन्यमापक नसेल तर कुदळीने वीतभर खणून बघायचं. ओल वरपासून खालपर्यंत सलग आहे, की मध्ये कोरडा थर राहिलाय? तसा थर राहिला तर बी उगवतं, मुळी त्या थरापाशी अडते आणि पुढे आठ-पंधरा दिवस उघडीप मिळाली की दुबार पेरणी ठरलेली. मग मूठभर माती दाबून गोळा करायचा. गोळा झाला, हाताला चिकटला नाही आणि कमरेइतक्या उंचीवरून सोडल्यावर फुटला, तर वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, आला.

विहिरीला पाणी आहे म्हणून त्याला मे महिन्यातच लावायची घाई असेल, तर तीही नको. कृषी विभाग हंगामपूर्व लागवड टाळा म्हणतो ते गुलाबी बोंडअळीसाठी. लवकर लावलेल्या कापसाला पात्या-फुलं लवकर धरतात आणि कोषातून बाहेर पडणाऱ्या पहिल्या पतंगांना अंडी घालायला आयतं पीक सापडतं. हवामान विभागाने १५ एप्रिलला २०२५च्या मोसमी पावसाचा अंदाज सरासरीच्या १०५ टक्के असा दिला, हेही त्याला माहीत असेल. पण तो जून ते सप्टेंबर या चार महिन्यांचा, अख्ख्या देशाचा आकडा आहे. ८७ सेंटीमीटर ही सरासरीसुद्धा देशाचीच. तुमच्या शिवारात जूनच्या दुसऱ्या आठवड्यात काय होईल ते त्यातून कळत नाही, मग घागरीतून कुठून कळणार?

आता तुमच्या हॉलमधला चिखल. त्यात तीन चुका एकत्र झाल्या आहेत: फरशी, माती आणि बहुतेक घागरीचं माप.

गावाकडचा ओटा मातीचा, शेणाने सारवलेला. घागरीतून पाझरून खाली आलेलं पाणी जमीन पिऊन टाकते. ढेकळापर्यंत पोचतं ते घागरीच्या बुडाला टेकलेल्या जागेतून, म्हणजे वरून खाली. टाइल्सची फरशी थेंबभरही पाणी पीत नाही. रात्रभर ठिबकलेलं सगळं पाणी घागरीखाली साचतं, चारही ढेकळं त्या थारोळ्यात उभी राहतात आणि खालून भिजतात. असं झालं की चौघांत फरक उरतच नाही, वाचायला काही शिल्लक राहत नाही. यावर उपाय सोपा आहे. मोठी परात घ्या, तिच्यात दोन इंच जाडीचा कोरड्या, चाळलेल्या मातीचा किंवा रेतीचा थर पसरा आणि मांडणी त्या थरावर करा. थर सपाट आहे का ते बघायला काठोकाठ पाणी भरलेली वाटी मधोमध ठेवायची. पाणी ज्या कडेकडे झुकेल तिथे थोडी माती वाढवायची. हे टाळू नका. फ्लॅटच्या फरशीला बऱ्याचदा पाणी वाहून जावं म्हणून मुद्दाम उतार दिलेला असतो, विशेषतः बाल्कनीत, आणि त्या उताराचं भाकीत दरवर्षी एकच निघतं.

माती बागेतली आणलीत, तिथेच निम्मा खेळ संपला. बागेत आणि कुंड्यांत बहुधा लाल माती, शेणखत, कोकोपीट यांचं मिश्रण असतं. त्याचं ढेकूळ दिसायला ढेकूळ, पण घागरीचा भार पेलत नाही आणि ओल लागली की भुसभुशीत होऊन बसतं. या रीतीला काळ्या शेतातलं, उन्हाळी नांगरटीत निघालेलं, उन्हात तापलेलं ढेकूळ लागतं. काळ्या मातीतली चिकणमाती ओल्याने फुगते आणि वाळताना आवळते, म्हणून मेमधलं ढेकूळ दगडासारखं टणक असतं. पण तेच थेट पाण्यात उभं राहिलं की आत अडकलेली हवा बुडबुड्यांनी बाहेर पडते, कडेचे पापुद्रे सुटतात आणि थोड्या वेळात ढेकूळ ढासळतं. म्हणजे परातीतल्या मातीच्या थराशिवाय शेतातली ढेकळंसुद्धा टिकली नसती.

भावाला सांगून वीसेक ढेकळं मागवा. आकार मध्यम कांद्याएवढा, सहा-सात सेंटीमीटर, वजन प्रत्येकी २५० ते ३०० ग्रॅम. सगळी एकाच शेताच्या एकाच कोपऱ्यातली हवीत, कारण बांधाजवळची माती वेगळी आणि मधली वेगळी. ज्यात चुनखडीचे पांढरे खडे किंवा धसकटाचे तुकडे दिसतील ती बाजूला काढा. खडे पाणी पीत नाहीत आणि धसकटाच्या वाटेने पाणी सरळ आत शिरतं. वीस यासाठी की प्रवासात तीन-चार फुटतात आणि उरलेली लेकीला लागणार आहेत, त्याचं पुढे सांगते. वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात आणायची. प्लॅस्टिकच्या पिशवीत घाम धरतो. पुण्यात आल्यावर दोन दिवस कडक उन्हात ठेवा आणि मांडणीच्या दिवशी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून त्यांतली चार सारख्या वजनाची निवडा. वीस ग्रॅमपर्यंतचा फरक चालेल. प्रत्येकाचा तळ खरबरीत फरशीवर घासून थोडा सपाट करा, म्हणजे डगमगणार नाही. माती कालवून लाडूसारखी ढेकळं वळू नयेत. ती वाळताना भेगाळतात आणि पाणी भेगांतून धावतं.

घागर लहान घ्या, तीन लिटरची. तीन किलो पाणी आणि दीड-दोन किलोचं भांडं, एवढं वजन चार कोरडी ढेकळं सहज झेलतात. आठ-दहा लिटरची घागर ओल्या ढेकळांवर डळमळते, कलंडू शकते. भांडं लाल मातीचं, भाजलेलं, बाहेरून काहीही न लावलेलं हवं. हल्ली शोभेसाठी रंग किंवा वॉर्निश लावलेल्या घागरी मिळतात, त्या पाझरत नाहीत. त्यांच्याखाली सकाळी चारही महिने कोरडे निघतात आणि घरात उगाच दुष्काळाची चर्चा सुरू होते. दुकानात बोटाने टिचकी मारून बघायची. खणखणीत वाजली तर ठीक, बद्द वाजली तर तडा आहे. घरी आणल्यावर भरून दोन तासांनी बुडाला तळहात लावा. गार आणि दमट लागला पाहिजे. ओघळ मात्र दिसता कामा नये.

नव्या घागरीची एक खोड लक्षात ठेवा, आजीच्या गोष्टीत तिचं काम आहे. कोरं मडकं आधी स्वतः पाणी पितं. दोन किलोच्या भांड्याच्या भिंती पहिल्या काही तासांत दोनशे-तीनशे मिली पाणी सहज शोषतात, त्यानंतर पाझर सुरू होतो. संध्याकाळी गळ्यापर्यंत भरलेली घागर मध्यरात्री बोटभर उतरलेली दिसते ती यामुळे. कोरी घागरच वापरायची तुमच्या घरची रीत असेल, तर सकाळी भरून दुपारी रिकामी करा आणि संध्याकाळी पुन्हा भरून मांडा. जुनी, वर्षभर वापरलेली घागर नको. पाण्यातल्या क्षारांनी तिची छिद्रं बुजत गेलेली असतात.

मांडणी दिवेलागणीच्या आधी. पूर्वेला जेठ, दक्षिणेला आखाड, पश्चिमेला सावन, उत्तरेला भादवा, असं प्रदक्षिणेच्या दिशेने ठेवा. वडिलांना वेगळा क्रम आठवला तर तोच घ्या. घागर चारही ढेकळांवर सारखी टेकली पाहिजे. तीनच ढेकळांवर भार आला तर चौथं कोरडं राहणार, आणि त्या महिन्यात पावसाने ओढ दिली असं तुम्ही वाचणार. टेकलीय का ते कळायला कागदाची पट्टी बुडाखाली सरकवून बघा, कुठे सहज सरकते ते कळतं. हळदकुंकू, फूल वाहायचं ते घागरीच्या गळ्यापाशी. पाणी सोडायचं असेल तर ताम्हनात सोडा, घागरीवर नको. सांजोऱ्या, आंबे, खरबूज जे काही तुमच्याकडे घागरीवर किंवा पाशी ठेवतात ते ठेवा, मात्र जड फळ एका बाजूला ठेवून तोल घालवू नका. त्या खोलीतला पंखा बंद. पंख्याच्या बाजूचा पाझर हवेतच उडून जातो. मांजर असेल तर दार लावून घ्या.

वाचायचं सूर्योदयाला. ऊन चढलं की वरचा पापुद्रा वाळतो आणि भिजलेलं ढेकूळ कोरडं दिसायला लागतं. घागर दोघांनी सरळ वर उचलायची, सरकवायची नाही. नुसत्या रंगावर जाऊ नका. ढेकूळ मधून फोडून ओल किती आत गेली ते बघा. कोरडी काळी माती करडी दिसते, भिजलेली काळीकुट्ट, दोन्हींमधली रेघ स्पष्ट असते. पाव भिजलं तर चार आणे, अर्धं आठ, पाऊण बारा, पूर्ण भिजलं तर सोळा आणे. पिकाची आणेवारी सांगणाऱ्या घरात ही मोजदाद शिकवावी लागत नाही. भिजून फुटलेलं ढेकूळ म्हणजे अतिवृष्टी.

यूट्यूबवर शोधाल तर भेंडवळची घटमांडणी आधी समोर येईल. बुलढाणा जिल्ह्यात, जळगाव जामोद तालुक्यात, अक्षय तृतीयेच्याच संध्याकाळी शेतात मांडतात ती. तिच्यातही चार ढेकळं आणि वर घागर असते, पण भोवती अठरा धान्यं, घागरीवर पापड, भजी, करंजी, कुरडई, आणि दुसऱ्या दिवशी पिकांपासून राजकारणापर्यंत सगळ्याचं भाकीत. ती गावाची, जाहीर रीत आहे. तुमच्या आजोबांची घरातली होती आणि फक्त पावसापुरती होती. व्हिडिओ बघून पापड-करंज्या उचलून आणू नका. चार ढेकळं आणि घागर एवढंच तुमचं.

आता आजी. तुम्ही ही गोष्ट इतकी वर्षं मनात दाबून ठेवलीत, तेव्हा घाईने निकाल नको. आखाजीची घागर मुळात पितरांच्या नावाची. ती रात्रीत उतरलेली दिसली तर घरातली बाई ती पुन्हा भरणारच. पितरांची घागर अपुरी कशी ठेवायची? कोरी घागर किती पाणी पिते ते वर सांगितलंच. अंधारात तांब्याने भरताना थोडं पाणी गळ्यावरून ओघळतं, आणि ते ओघळतं भरणारी उभी असते त्या बाजूने. आजी स्वयंपाकघरातून येऊन उभी राहत असेल तर त्या बाजूचं ढेकूळ जास्त भिजणार. भादवा त्याच बाजूला होता का, हे वडिलांना विचारा. ‘आई रात्री चोरून पाणी घालायची’ असं म्हणू नका. ‘आखाजीच्या रात्री घागर कोण भरायचं?’ एवढंच विचारा. ते सहज ‘आईच, अजून कोण’ म्हणाले, तर घरात सगळ्यांना ठाऊक असलेलं काम तुम्ही अर्धवट झोपेत पाहिलंत आणि त्याचं गुपित झालं. ते गोंधळले, तर विषय तिथेच सोडा. तिने एखाद्या वर्षी मुद्दाम ओतलं असेल असं धरलं तरी नाटक हा शब्द मोठा होतो. भादवा कोरडा निघाला तर वैशाखात घरभर पसरणारी धास्ती तिनेच जास्त पाहिली असेल.

आणि हो, धपाटा भाकितासाठी नसावा. भरलेली घागर ढेकळांवर फार डळमळीत असते. अंगावर पडली असती.

‘भाकीत कधी चुकलं नाही’ ही आठवण जरा तपासून बघा. प्रत्येक महिना ओला की कोरडा एवढंच सांगायचं म्हटलं, तर चार महिन्यांच्या सोळा जोड्या होतात. नाणं उडवून सांगितलं तरी त्यांतल्या अकरा जोड्यांत निदान दोन महिने बरोबर येतात, म्हणजे शंभरातल्या ६९ वेळा ‘बरंच जुळलं की’ म्हणता येतं. चारही जुळणं मात्र सोळातून एकदा. शिवाय आषाढ-श्रावणात पाऊस असतोच आणि पावसाळ्यात कुठे ना कुठे खंड पडतोच. ओल्या आखाडाला आणि एखाद्या कोरड्या ढेकळाला साक्षीदार शोधावे लागत नाहीत. त्यात मे महिन्याच्या सुट्टीतल्या नातवंडांनी भाकीत ऐकलेलं असतं, पण भादव्यात पडताळायला ती गावी नसतात. पडताळा आजोबाच दिवाळीत सांगणार.

लेकीला गप्प करू नका, कामाला लावा. पण पितरांच्या घागरीवर प्रयोग करायचे नाहीत. तेवढी मर्यादा तिनेही पाळावी. तिच्यासाठी त्याच मापाची दुसरी घागर आणा आणि आखाजीच्या आधीच्या आठवड्यात तीन रात्री द्या. पहिल्या रात्री नेहमीसारखी मांडणी. घागरीच्या काठावर आणि परातीच्या काठावर खडूने खूण करायची. दुसऱ्या रात्री नवी कोरडी ढेकळं, परात जागेवर, घागर मात्र अर्धा फेरा फिरवलेली. तिसऱ्या रात्री पुन्हा नवी ढेकळं, घागर पहिल्यासारखी, पण सगळी मांडणी दुसऱ्या खोलीत. दर वेळी ढेकळं मांडण्याआधी आणि उचलल्यावर तोलायची आणि किती ग्रॅम वाढली ते लिहायचं. जास्त भिजणारी बाजू घागरीबरोबर फिरली तर त्या बाजूची भिंत पातळ आहे किंवा कमी भाजली गेली आहे. खोलीबरोबर बदलली तर वारा किंवा उतार. काहीच ताळमेळ लागला नाही तर ढेकळांतला फरक. तीन रात्रींची बारा आणि आखाजीची चार, अशी सोळा ढेकळं. म्हणून वीस मागवायची.

तिला हवेचाही हिशेब करू द्या. मडक्याच्या बाहेर आलेल्या पाण्यातलं किती उडून जाईल हे हवेच्या कोरडेपणावर ठरतं. धुळ्याकडच्या मेमध्ये हवा इतकी कोरडी की पाझर बुडापर्यंत पोचायच्या आत उडतो, म्हणून तिथे ढेकळांत फरक दिसतो. हीच मांडणी मुंबईत दमट रात्री केली तर पाणी उडत नाही, थेंब बनून खाली उतरतं आणि दरवर्षी चारही महिने सोळा आणे निघतात. वैशाखातल्या त्या एका रात्रीची हवा कशी होती, एवढं मात्र घागर इमानदारीने सांगते.

तिचा ‘अंधश्रद्धा’ हा शब्द भावाच्या फोनला लागू आहे, घागरीला नाही. ज्या क्षणी सरकीचे आणि खताचे पैसे ढेकळावर लागतात, त्या क्षणी तिचं बरोबर. कायद्याचा मुद्दा काढला तर सांगा, नरबळी आणि अघोरी प्रथांविरुद्धचा महाराष्ट्राचा २०१३चा कायदा, ज्या घरगुती धार्मिक विधींत कुणाला शारीरिक इजा किंवा आर्थिक नुकसान होत नाही त्यांना हात लावत नाही.

वडिलांकडून रीत काढून घ्यायची तर ‘मांडणी कशी असायची?’ असं विचारून काही मिळणार नाही. हाताची आणि जागेची आठवण अर्थाच्या आठवणीपेक्षा जास्त टिकते. ओट्याच्या कुठल्या कोपऱ्यात? आजोबा घागर भरायला कुठल्या विहिरीवर जायचे? ढेकळं कोण निवडायचं, कुठल्या शेतातली? सकाळी आधी कुठलं उचलायचे? भिजलेल्या ढेकळांचं पुढे काय व्हायचं? शक्य असेल तर हातात चार कांदे देऊन जमिनीवर मांडायला सांगा. तोंडाने न सांगता येणारा क्रम हात बरोबर लावतात. तुमच्या आत्यांना वेगळं, एकेकटीला विचारा. आखाजीला त्या माहेरी आलेल्या असायच्या आणि झोक्यावरून सगळं बघत असायच्या. एकत्र बसवून विचारलं की मोठीचं म्हणणं सगळ्यांची आठवण होऊन बसतं.

पुढच्या वर्षी एक पेच आहे. २०२६मध्ये आखाजी एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात येते आणि त्यानंतर अधिक ज्येष्ठ आहे, १७ मे ते १५ जून. पाचवं ढेकूळ ठेवायचं का, असा प्रश्न कुणीतरी काढेलच. चारच ठेवा आणि जेठ म्हणजे निज ज्येष्ठ, अधिकानंतरचा, धरा. तो साधारण १४ जुलैपर्यंत, आषाढ १२ ऑगस्टपर्यंत, श्रावण ११ सप्टेंबरपर्यंत आणि भाद्रपद थेट १० ऑक्टोबरपर्यंत जातो. २०२५मध्ये मात्र ज्येष्ठ २८ मेला सुरू होतो आणि भाद्रपद २१ सप्टेंबरला संपतो. म्हणजे ‘जेठ ओला’ या वाक्याचा अर्थ दोन वर्षांत तीनेक आठवड्यांनी सरकतो. शेतकरी पेरणीला चांद्रमास न धरता मृग, आर्द्रा ही सूर्याची नक्षत्रं धरत आला ते याच कारणाने. मृग दरवर्षी ७-८ जूनलाच लागतो, अधिक मास असो वा नसो.

पडताळा घ्यायचा तर जून, जुलै अशा इंग्रजी महिन्यांवर घेऊ नका, वरच्या तारखांवर घ्या, आणि पुण्याच्या पावसावर तर मुळीच नको. ढेकूळ ज्या शेतातलं, भाकीत त्या शिवाराचं. कृषी विभागाच्या महारेन संकेतस्थळावर महसूल मंडळनिहाय रोजचा पाऊस मिळतो. भावाचं मंडळ निवडून लेकीला चारही महिन्यांची बेरीज करू द्या. वहीत एका बाजूला आणे, दुसऱ्या बाजूला मिलिमीटर. भावाला तो तक्ता दिवाळीत दाखवा, पेरणीआधी नको.

भिजलेली ढेकळं केरात टाकू नका, कुंडीतही नको. काळी माती कुंडीत आवळून बसते आणि पाण्याचा निचरा थांबतो. वाळवून डब्यात ठेवा आणि पुढे गावी जाल तेव्हा त्याच शेतात टाका.